वरचं पाणी

पऱ्या

“तुला कोणी ढकलत नाय,” आबा म्हणाला. “बंदरापर्यंत चल. धक्क्यावर मी एकदाच विचारीन. नको म्हणालीस तर आल्या वाटेने परत. मग तो विषय संपला.”

अक्का पऱ्यातल्या बैलाएवढ्या धोंड्यावर पाय सोडून बसली होती. तिची लग्नातली ट्रंक काठावर, तिच्यावर तांदळाची गाठोडी. आमच्या कोंडीच्या, म्हणजे वाडीच्या, वर डोंगराच्या कुशीतून हा पऱ्या निघतो. वर झाडांचे शेंडे एकमेकांना भिडलेले, त्यामुळे भर दुपारीही पाण्यावर ऊन पडलं तर ओंजळभर. पाण्यात पाणी कमी आणि पालाच जास्त. दगडांखाली कुजलेल्या पानांचे थर, आणि त्या थरांत पानांच्या तुकड्यांची घरं अंगावर घालून फिरणारे बारीक किडे. लहानपणी अक्का ते तळहातावर घेऊन मला दाखवायची. त्या दिवशीही तिने एक उचलला होता.

“आणि हो म्हणाले तर?” तिने त्या किड्याला विचारल्यासारखं विचारलं.

“तर येसू चार दिवस राहील तुझ्याबरोबर. पाठराखीण म्हणून.”

येसू म्हणजे मी. नवरी पहिल्यांदा सासरी जाते तेव्हा तिच्यासोबत माहेरची एक मुलगी जाते, चार दिवस राहते, परत येते. मी वैशाखात एकदा जाऊन आले होते. एकाच नवरीची पाठराखीण म्हणून दोनदा निघालेली मुलगी आमच्या कोंडीत माझ्याआधी झाली नव्हती. विहिरीवर बायका म्हणायच्या, “येसूचंच लग्न लावून द्या तिथं, म्हणजे फेऱ्या वाचतील.”

अक्का पहिल्या दिवाळीला आली ती राहिलीच. तिचा नवरा मुकुंद दिवाळसण करून एकटाच परत गेला. तुळशीचं लग्न झालं, पौर्णिमाही झाली. सासरी कुणी हात उगारला नव्हता, उपाशी ठेवलं नव्हतं. विचारलं की ती एवढंच म्हणायची, “तिथलं पाणी मला मानवत नाय.” आई रडायची. आबा कोयता घेऊन रानात जायचा.

घरात एकटी मी खूश होते. ती पुन्हा माझ्या शेजारी झोपत होती, झोपेत पाय माझ्या अंगावर टाकत होती. धक्क्यावर तिने ‘नको’ म्हणावं म्हणून मी कोंडीच्या देवाला नारळ बोलले होते.

तिने तो किडा अलगद पाण्यात सोडला आणि उठली.

“चल.”


वहाळ

तीन पऱ्ये एकत्र आले की आमच्याकडे त्याला वहाळ म्हणतात. त्यात तराफा चालत नाही. तोडलेला माणगा, म्हणजे आमच्याकडचा भरीव बांबू, एकेक करून पाण्यात सोडायचा आणि आपण काठाकाठाने चालायचं. अडकला की ढोसायचं, आडवा झाला की सरळ करायचं. गुरं हाकावीत तसे बांबू हाकायचे. आबा पुढे, गुणाजीकाका मागे.

गुणाजीकाका आबाचा जुना भागीदार. दोघे माणगा एकत्र तोडायचे, एकत्र खाली न्यायचे आणि एकमेकांशी दिवसभरात चार वाक्यं बोलायचे. आमच्याशी मात्र काकांचं तोंड सुटायचं.

“शेवंते, तुझ्या सासऱ्याचा तंबाखू झकास असतो गो. मला गेल्या वेळी मूठभर दिलान. माझ्यासाठी तरी हो म्हण.”

“तंबाखूसाठी मी जन्म काढू तिथं?”

“लोक याहून कमीसाठी काढतात.”

अक्का हसली नाही. पूर्वी ती काकांच्या बोलण्यावर पदर तोंडात कोंबून हसायची.

इथे झाडं काठावर सरली होती, मधोमध ऊन पडत होतं. धोंडे आता नारळाएवढे झाले होते, आणि त्यांच्यावर हिरवं, बुळबुळीत शेवाळ. मी दोनदा पडले. अक्का एकदाही पडली नाही. तिला इथला प्रत्येक दगड पाठ होता. ती कुठे पाय टाकते ते न बघताच टाकत होती, आणि ते बघून मला वाटलं, हिला कोण नेणार इथून.


नदी

जोडावर, जिथे आमचा वहाळ मोठ्या नदीला मिळतो तिथे, आबा आणि काकांनी बांबू गोळा केले आणि रानवेलींनी तराफा बांधला. ट्रंक मधोमध. आम्ही दोघी ट्रंकेला टेकून. आबा पुढच्या टोकाला, आमच्याकडे पाठ करून, हातात लांब बांबू. काका मागे.

तो दिवस मला आजही आठवतो तसा कुठलाच आठवत नाही. नदी रुंद झाली होती, आभाळ उघडं पडलं होतं. तळाचे गोटे लिंबाएवढे, सुपारीएवढे, सगळे दिसत होते. त्यांच्यावर हिरवी लव, आणि लवेत तोंड खुपसून चरणारे मासे. काठावर बायका कपडे आपटत होत्या. त्या ओळख नसताना हात करायच्या, आम्हीही करायचो. तराफ्याखालून पाणी कुजबुजत होतं. मी पालथी पडून हात पाण्यात सोडला होता.

तेव्हा अक्काने सांगितलं. माहेरी आल्यापासून पहिल्यांदाच.

“सासऱ्यांचं एक रेडकू होतं. माझ्यामागून फिरायचं. भाद्रपदात पाऊस उघडला तेव्हा मी त्याला चरायला खाडीवर नेलं. काठाला गवत कसलं हिरवंगार. कांदळाच्या मुळाला बांधलं, म्हटलं खा पोटभर, आणि घरी येऊन भात लावला.”

“मग?”

“मग काय. पाणी आलं.”

“पाऊस आला?”

“तेच तर. पाऊस नाय गो. आभाळात ढग नव्हता. मी म्हटलं, ढग नाय तर पाणी येणार कुठून? आपल्याकडे वर पाऊस पडतो तेव्हा खाली पाणी चढतं. तिथं ते समोरनं येतं. समुद्राकडनं. काही न सांगता. मुकुंद धावत गेला तेव्हा नुसते कान वर होते.”

मी पाण्यातला हात बाहेर काढला.

“कोणी ओरडलं नाय मला. सासू शेजारणीला म्हणाली, तिचं काय चुकलं, तिचं वरचं पाणी, त्याला एकच दिशा ठाऊक. झालं. दुसऱ्या दिवसापासून बंदरावर माझं तेच नाव. कालवं काढायला गेले की, आलं गो वरचं पाणी. तरीच्या होडीत बसले की, सरका, वरचं पाणी येतंय. पोरंसुद्धा.”

“आणि भावोजी?”

अक्का तळाकडे बघत होती.

“तोही हसला. एकदाच. पण हसला.”

आबाने थुंकी टाकली आणि बांबू दुसऱ्या हातात घेतला. त्याची पाठ आमच्याकडेच होती.

“घरी का नाय सांगितलंस?”

“काय सांगू? लोक हसतात म्हणून आले? आई म्हणाली असती, हसण्याने अंगाला भोकं पडतात का.” मग हळूच म्हणाली, “पडतात.”


नाव नसलेला पट्टा

“ही कुठली नदी?”

“आता नदी नाय म्हणत.”

“मग खाडी?”

“खाडीही नाय. डाव्या काठाचे लोक नदी म्हणतात, उजव्या काठाचे खाडी.”

“खरं कोणाचं?”

“चाखून बघ,” काका म्हणाले.

मी बघितलं. कोमट, मातकट, बेचव. तळ दिसत नव्हता. गोटे संपले होते, वाळूही संपत आली होती, बांबू तळाला टेकवला की गाळात रुतून बसत होता. वरचा पाला, दगडाचं पीठ, चार गावांची माती, सगळं त्या पाण्यात विरघळून ते चहासारखं झालं होतं. वेग असा नव्हताच.

अक्कानेही बोट बुडवून जिभेला लावलं.

“अजून गोडं आहे. पण फार वेळ नाय राहायचं.”

आबाने मान वळवून तिच्याकडे बघितलं. मग पुन्हा पुढे.

रात्री आम्ही एका वाळूच्या पट्टीवर झोपलो आणि फटफटायच्या आधी ओसरत्या पाण्याबरोबर निघालो.


खाडी

तराफ्यावर लागलेला डोळा सकाळी उघडला तर दोन्ही बाजूंना चिखल. उघडा, चकचकीत, घरासमोर सारवून ठेवावा तसा. त्यात कांदळाची मुळं खुंट्यांसारखी वर आलेली, आणि निवटे नावाचे ते वेडे मासे पाय असल्यासारखे चिखलात पळत होते. मधून पाण्याची एक अरुंद पट्टी, तिच्यात आमचा तराफा. दूर, वळणापलीकडे आंबेखाजण बंदराचे माड.

“इथं बांधू,” आबा म्हणाला. “न्याहारी करून घेऊ.”

“इथं?” गुणाजीकाकांनी विचारलं.

“इथंच. सावली दिसत नाय का तुला?”

“भिकाजी, इथं...”

“गुणाजी, तू चूल मांड.”

काकांनी आबाकडे बघितलं, डोक्याचं मुंडासं काढलं, पुन्हा बांधलं आणि वर बांधावर चढून गेले. आबाने तराफ्याची दोन्ही टोकं कांदळाच्या मुळांना बांधली. खाली, अगदी मुळाशी, आणि आखूड. ट्रंक उतरवून चिखलाच्या कडेला ठेवली, तांदूळ तिच्यावर. मग बांधावर येऊन पाय पसरून बसला.

भाकरी खाताना अक्का सारखी खाली बघत होती. चिखलात एक पांढरी काडी उभी होती, तिच्यावर तिची नजर. थोड्या वेळाने ती काडी मला दिसेना.

“आबा,” ती म्हणाली, “दोर सैल कर.”

“कशाला?”

“पाणी लागलंय.”

“आभाळात ढग नाय. पाणी येणार कुठून?”

अक्काने त्याच्याकडे बघितलं. अगदी निरखून. मग हातातली भाकरी तशीच ठेवून उठली, लुगडं वर खोचलं आणि उतरली.

त्यानंतरचं मी तुकड्यातुकड्यांत बघितलं, कारण मी स्वतः चिखलात रुतले होते. पाणी आवाज न करता येत होतं. निवटे वर वर सरकत होते. तराफा आधी हलला, मग फिरू बघायला लागला. उलटा, ज्या बाजूने आम्ही आलो त्या बाजूला. नदी मागे चालली होती. आखूड दोरांनी तराफ्याची टोकं खाली धरून ठेवली होती, मधला भाग वर उचलत होता, वेली करकरत होत्या. एक बांबू सुटून वरच्या बाजूला निघून गेला, दुसरा गेला. वर्षभराची तोड होती ती.

“गुणाजीकाका, पुढचा सोडा, मागचा राहू दे. आधी पुढचा.”

“सोडतो गो.”

“येसू, ट्रंक वर. पाय सरळ उचलू नको, रुतशील. आडवा काढ, आडवा. हां.”

“आबा, तू काय बघतोस, तांदूळ घे.”

मी आयुष्यात कुणाला आबाशी असं बोलताना ऐकलं नव्हतं. आबाने गुपचूप तांदूळ घेतले. अक्का छातीभर पाण्यात जाऊन मागच्या दोराशी पोचली, एक हिसका दिला, दोर सुटला, तो तिने लांब करून वरच्या फांदीला घेतला. तराफा सरळ झाला आणि वरच्या दिशेला तोंड करून शांत तरंगत राहिला. रानातून आणलेलं जनावर पहिल्यांदाच दाव्याला उभं राहावं तसा.

तेवढ्यात तर आली. पलीकडच्या काठाची माणसं बंदरावर नेणारी होडी, कालवांच्या टोपल्या घेतलेल्या बायकांनी भरलेली.

“काय गो शेवंती,” एक म्हणाली, “बापूसपण तुझ्याच शाळेतला?”

“वरचं पाणी एकटं येत नाय, बापाला घेऊन येतं.”

“मामानु, आमच्याकडे पाणी दिवसातनं दोनदा घरी येतं. तुमच्याकडे पाहुणचार नाय का?”

अख्खी होडी हसली. आबा कमरेपर्यंत चिखलाने माखलेला, धोतर सुटलेलं, हातात तांदळाची गाठोडी. माझा आबा, ज्याला कोंडीत कुणी अरे म्हणत नसे. त्याने दात काढले, हात जोडले.

“आम्हाला काय कळतंय, बाय. हिला विचारा. हिलाच ठाऊक सगळं.”

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. अक्काच्या चेहऱ्याकडे बघवेना. पण ती पाण्यातून बाहेर आली, केसातलं पाणी पिळलं आणि होडीवाल्याला म्हणाली,

“हसून झालं असेल तर दोर धरा. ते बांबू वर वाहत गेलेत, ते अडवून द्या.”

“आता? पाणी चढतंय.”

“म्हणूनच आता. ऊन त्या उंच माडावर आलं की पाणी थबकेल. उधाणाचं आहे, गेल्यावर थांबणार नाय. तोवर बांबू नाय मिळाले तर समुद्रात शोधायला लागतील. तुम्ही जाणार की मी पोहत जाऊ?”

होडीवाल्याने माडाकडे बघितलं, अक्काकडे बघितलं आणि वल्हं फिरवलं. कालवांवाल्या बायका त्याच्याबरोबर मुकाट बांबू गोळा करायला गेल्या. नंतर एक म्हातारी फक्त म्हणाली, “तोंड फुटलं गो हिला,” आणि ते तिने कौतुकानेच म्हटलं.

ऊन माडावर आलं, पाणी थबकलं. खाडी काही क्षण आरशासारखी झाली. मग ओहोटी लागली आणि अक्का पुढच्या टोकाला, आबाच्या जागी, लांब बांबू घेऊन उभी राहिली.


धक्का

धक्क्यावर सासू होती, मुकुंद होता. गोष्ट होडीबरोबर आमच्याआधी पोचली होती. मुकुंद पाण्यात उतरून तराफ्याशी आला, पण अक्काकडे बघायचं त्याला जमत नव्हतं.

आबाने शब्द पाळला. सगळ्यांसमोर, एकदाच विचारलं.

“मग? वर की इथं?”

मी तिच्या लुगड्याचा पदर धरला होता. घट्ट.

अक्काने दोराकडे बघितलं. आबा तो धक्क्याच्या कडीत घालत होता.

“लांब बांध,” ती म्हणाली. “ओहोटीत लटकेल नायतर.” मग मुकुंदकडे वळून, “ट्रंक घे. आणि पुन्हा हसलास ना, तर मी वर जाणार नाय. तुला पाठवीन.”

सासू पदराआड हसली.

“येसू राहतेय ना चार दिवस?” तिने विचारलं.

अक्काने माझ्या मुठीतून पदर सोडवला. एकेक बोट उघडून. “नको,” ती म्हणाली. “हिला न्या. मला पाठराखीण नको आता.”

ज्या ‘नको’साठी मी नारळ बोलले होते, ते मला मिळालं.


परत, पायी

वर जाताना नदी उलटी वाचावी लागते. आधी गाळ, मग वाळू, मग गोटे, मग धोंडे. पाणी थंड होत जातं, आवाज वाढत जातो. मी आबाशी बोलत नव्हते. त्याच्या बावळटपणाने माझी अक्का गेली होती. त्याने तराफा नीट बांधला असता तर ती खाली मान घालून धक्क्यावर उतरली असती, नको म्हणाली असती, आत्ता माझ्याबरोबर चालत असती.

आबा पुढे गेला तेव्हा मी गुणाजीकाकांना विचारलं, “आबाला भरती ठाऊक नव्हती?”

काकांनी अक्काच्या सासऱ्याच्या तंबाखूची चिमूट दाढेत धरली. तंबाखू मूठभर मिळाला होता.

“तू जन्मायच्या आधीपासनं आम्ही तिथं बांबू नेतोय. तुझ्या बापाला भरती झोपेत कळते.”

“मग?”

“मग काय. त्याला आंघोळ करावीशी वाटली असेल.”

मी थांबले. आबा पुढच्या वळणावर पाठमोरा चालला होता, धोतरावर वाळलेला चिखल. मी पळत जाऊन त्याला गाठलं नाही. काही विचारलंही नाही. फक्त त्या दिवसापासून त्याच्याशी भांडता आलं नाही मला.


तेराव्यानंतर

आबा गेला तेव्हा अक्काचे मुलगे होडीवर इंजिन बसवून फिरत होते. तराफे केव्हाच बंद झाले होते, बांबू ट्रकने जायचे. तेराव्याची माणसं पांगल्यावर आम्ही दोघी मागच्या पडवीत बसलो. तिच्या केसांत माझ्याहून जास्त पांढरं होतं. मला वाटलं, आता सांगायला हरकत नाही.

“अक्का, तो तराफा. आबाला भरती ठाऊक होती. त्याने मुद्दाम बांधला होता तसा.”

ती सुपारी कातरत होती. कातरायची थांबली नाही.

“तुला कोणी सांगितलं?”

“गुणाजीकाकांनी. तेव्हाच.”

“मला दोराने सांगितलं. तराफ्याला कोणी सुरगाठ मारतं का गो? एकेका हिसक्याला दोन्ही सुटल्या. आबाची निरगाठ सोडवायला दात लागायचे.”

“म्हणजे तू पाण्यात होतीस तेव्हाच...”

“पाण्यात होते तेव्हाच. आणि मी नाय म्हणायचं ठरवून आले होते, येसू. ट्रंकेत दोनच लुगडी होती. बाकी गवताचा पेंढा भरला होता, रिकामी वाजू नये म्हणून.”

“मग का राहिलीस?”

“तो उभा होता ना तिथं. चिखलात. सगळी होडी त्याला हसतेय आणि तो दात काढतोय.” तिने सुपारीचा तुकडा माझ्या हातावर ठेवला. “त्याने माझं हसं स्वतःच्या अंगावर घेतलं. आता मी वर गेले असते तर त्याचं ते फुकट गेलं असतं.”

बाहेर पोरं पत्रावळी जाळत होती. धूर पडवीत आला, आम्ही दोघींनी डोळे पुसले.

“त्याला कधी बोललीस हे?”

“छे. काय बोलायचं? तो दरवर्षी यायचा. तराफे होते तोवर तराफ्याने, मग एस.टी.ने. गेल्या वर्षी आला तेव्हा डोळ्यांना दिसत नव्हतं, नातू हात धरून आणत होता. तरी दारात चपला काढता काढता पहिला प्रश्न तोच. शेवंते, भरती कधी लागेल गो?”

“आणि तू?”

“सांगायचे,” अक्का म्हणाली. “दर वेळी, नीट समजावून.”